पुरुष व्यावसायिक टेनिसमधील पिढीबदल : ज्येष्ठ विजेते आणि उदयोन्मुख खेळाडू (१९६८ ते २०२५) – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

जुन्या विजेत्याचा पराभव आणि नव्या खेळाडूचा उदय ही कोणत्याही खेळाच्या इतिहासात वारंवार घडणारी घटना आहे. टेनिसमध्ये ती विशेष ठळकपणे जाणवते. सांघिक खेळात मंदावलेल्या खेळाडूला सहकाऱ्यांचा आधार मिळतो. एकेरीच्या टेनिस सामन्यात मात्र त्याला आपले वय कोणाच्याही आड लपविता येत नाही. त्यामुळे टेनिसमधील पिढीबदलाचे स्पष्टीकरण सामान्यतः निसर्गनियमाच्या आधारे दिले जाते. शरीर थकते, तरुण पुढे येतात, असे म्हटले की विषय संपतो.

हे स्पष्टीकरण ऐतिहासिक नोंदींशी पूर्णपणे जुळत नाही. १९७२ मध्ये केन रोझवॉलने वयाच्या ३७ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. १९८५ मध्ये बोरिस बेकर १७ व्या वर्षी विम्बल्डनचा विजेता झाला. २०२३ मध्ये नोव्हाक जोकोव्हिचने ३६ व्या वर्षी अमेरिकन ओपन जिंकली. केवळ अर्धशतकात मानवी शरीराची रचना बदललेली नाही. मग विजेत्याचे वय इतके खालीवर का होत राहिले? खुल्या टेनिसच्या काळात पिढीबदल केव्हा आणि कसा होईल हे शरीराइतकेच नियम, साधने, मैदान आणि पैसा यांनी ठरविले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या रचनेचा सर्वाधिक भार ज्या पिढीला सोसावा लागला, तिची नोंद इतिहासात अपुरी राहण्याची शक्यता आहे, याकडेही येथे लक्ष वेधले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. १९६८ नंतरच्या पुरुष व्यावसायिक टेनिसमधील पिढीबदलाचे प्रमुख टप्पे निश्चित करणे.
२. ज्येष्ठ विजेत्यांच्या दीर्घ वर्चस्वामागील संस्थात्मक व तांत्रिक कारणांचा शोध घेणे.
३. दोन पर्वांच्या मध्ये सापडलेल्या खेळाडूंच्या ऐतिहासिक स्थानाचा विचार करणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा :

सदर लेखात ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रमुख स्पर्धांचे निकाल, क्रमवारी आणि नियमांतील बदल यांच्या सार्वजनिक नोंदींचा आधार घेतला आहे. विवेचन मुख्यतः चार ग्रँड स्लॅम स्पर्धांतील पुरुष एकेरीपुरते मर्यादित आहे. महिला टेनिसमधील वयाचा प्रश्न स्वतंत्र नियमांशी निगडित असल्याने तो येथे घेतलेला नाही.

विषय विवेचन :

१) बंदी उठल्यानंतर परतलेले ज्येष्ठ (१९६८–१९७४)

१९६८ पूर्वी विम्बल्डनसह चारही प्रमुख स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी होत्या. पैसे घेऊन खेळणाऱ्या व्यावसायिकास तेथे प्रवेश नव्हता. पांचो गोन्झालेसने १९४९ मध्ये, रोझवॉलने १९५७ मध्ये, तर रॉड लेव्हरने १९६२ मध्ये चारही स्पर्धा जिंकल्यानंतर व्यावसायिक मार्ग स्वीकारला. त्यांच्या कारकिर्दीतील ऐन उमेदीची वर्षे या स्पर्धांच्या बाहेर गेली. एप्रिल १९६८ मध्ये इंग्लंडमधील बोर्नमथ येथे पहिली खुली स्पर्धा झाली आणि ती रोझवॉलने जिंकली. त्याच वर्षी फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने लेव्हरला पराभूत केले. विम्बल्डन मात्र लेव्हरने जिंकले. १९६९ मध्ये लेव्हरने पुन्हा चारही स्पर्धा जिंकल्या. त्या वर्षी त्याने वयाची ३१ वर्षे पूर्ण केली.

१९६९ च्या विम्बल्डनमध्ये ४१ वर्षांच्या गोन्झालेसने २५ वर्षांच्या चार्ली पासारेलविरुद्ध पहिल्या फेरीचा सामना दोन दिवस खेळून २२-२४, १-६, १६-१४, ६-३, ११-९ असा जिंकला. त्या काळी टायब्रेक नव्हता. तो १९७० मध्ये अमेरिकन ओपनमध्ये आणि १९७१ मध्ये विम्बल्डनमध्ये आला. पहिला संच ४६ गेमपर्यंत लांबू देणारा नियम वयस्कर शरीरासाठी कठोर होता, तरीही गोन्झालेस जिंकला. खुल्या टेनिसच्या आरंभी दिसलेले ज्येष्ठांचे प्राबल्य हा वयाचा चमत्कार नव्हता. दीर्घकाळ दाराबाहेर ठेवलेली गुणवत्ता दार उघडताच आत आली होती.

या संधिकालाचा एक बोलका दाखला भारतीय टेनिसमध्ये आढळतो. १९७३ च्या अमेरिकन ओपनमध्ये १९ वर्षांच्या विजय अमृतराजने ३५ वर्षांच्या लेव्हरचा पराभव केला. मात्र उपांत्यपूर्व फेरीत ३८ वर्षांच्या रोझवॉलने त्याला रोखले. पुढील वर्षी त्याच स्पर्धेत अमृतराजने तरुण ब्यॉन बोर्गवर मात केली आणि उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा रोझवॉलकडून तो हरला. पिढीबदल एका सामन्यात होत नाही, तो पुढेमागे होत राहतो, हे यावरून दिसते.

१९७४ मध्ये हा टप्पा संपला. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात २१ वर्षांच्या जिमी कॉनर्सने ३९ वर्षांच्या रोझवॉलला ६-१, ६-१, ६-४ असे, तर अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात ६-१, ६-०, ६-१ असे हरविले. रोझवॉलने विम्बल्डनचा पहिला अंतिम सामना १९५४ मध्ये व चौथा आणि शेवटचा १९७४ मध्ये खेळला. एकेरीचे विजेतेपद त्याला एकदाही मिळाले नाही. या वीस वर्षांत १९५७ ते १९६७ अशा अकरा विम्बल्डन स्पर्धांना तो नियमामुळे मुकला. त्यामुळे १९७४ च्या निकालाचे श्रेय कॉनर्सच्या तारुण्याला देताना या अकरा वर्षांचाही हिशेब मांडावा लागतो.

२) किशोर विजेत्यांचा काळ (१९७४–१९९०)

ऑगस्ट १९७३ मध्ये संगणकीय जागतिक क्रमवारी सुरू झाली. स्पर्धेतील प्रवेश आता आयोजकांच्या मर्जीपेक्षा गुणांवर अवलंबून राहू लागला आणि अपरिचित तरुणांसाठी वाट मोकळी झाली. १९७४ मध्ये नुकतीच १८ वर्षे पूर्ण केलेल्या बोर्गने फ्रेंच ओपन जिंकली. १९८२ मध्ये मॅट्स विलँडरने १७ व्या वर्षी तीच स्पर्धा जिंकली. १९८५ मध्ये बेकर मानांकन नसतानाही विम्बल्डनचा विजेता झाला. १९८९ मध्ये मायकेल चँगने १७ व्या वर्षी फ्रेंच ओपन जिंकली आणि १९९० मध्ये पीट सॅम्प्रास १९ व्या वर्षी अमेरिकन ओपनचा विजेता ठरला.

या घटनांमागे साधनांतील बदल होता. याच काळात लाकडी रॅकेटची जागा ग्रॅफाइटच्या हलक्या व ताकदवान रॅकेटने घेतली. लाकडी रॅकेटने अचूक फटका मारण्याचे कसब वर्षानुवर्षांच्या सरावाने साध्य होत असे. नव्या रॅकेटने तरुण मनगटाला ते लवकर उपलब्ध करून दिले. १९७८ मध्ये फ्लोरिडात सुरू झालेल्या निक बोलेटिएरी यांच्या निवासी अकादमीसारख्या संस्थांनी बालवयापासून व्यावसायिक प्रशिक्षणाची पद्धत रूढ केली.

लवकर आलेले यश बऱ्याचदा लवकर ओसरले. पाच विम्बल्डन व सहा फ्रेंच विजेतेपदे मिळविणाऱ्या बोर्गने १९८१ मध्ये विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन या दोन्ही अंतिम सामन्यांत जॉन मॅकेन्रोकडून पराभव पत्करला आणि जानेवारी १९८३ मध्ये, २६ व्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली. १९९१ मध्ये तो माँटे कार्लो येथे लाकडी रॅकेट घेऊन परतला तेव्हा पहिल्याच सामन्यात जॉर्डी अरेसेने त्याला सहज हरविले. बोर्ग तेव्हा ३४ वर्षांचा होता, परंतु त्याच्या हातातील साधन त्याच्याहूनही जुने झाले होते. विलँडरने सातवे व अखेरचे ग्रँड स्लॅम २४ व्या वर्षी जिंकले. चँगला दुसरे ग्रँड स्लॅम कधीच मिळाले नाही.

याच काळाच्या शेवटी अपवादही घडला. १९९१ च्या अमेरिकन ओपनमध्ये क्रमवारीत १७४ व्या स्थानावर घसरलेल्या कॉनर्सला आयोजकांनी थेट प्रवेश दिला. आपल्या ३९ व्या वाढदिवशी त्याने २४ वर्षांच्या आरॉन क्रिकस्टीनला पाच संचांत हरविले आणि पुढे उपांत्य फेरी गाठली. ज्येष्ठ विजेता हे प्रेक्षकांचे मोठे आकर्षण असते, याची जाणीव व्यवस्थेला होती हे या प्रवेशावरून दिसते.

३) नव्या शतकाच्या आरंभीचे तीन बदल

२ जुलै २००१ रोजी विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत १९ वर्षांच्या रॉजर फेडररने सात वेळच्या विजेत्या सॅम्प्रासला पाच संचांत हरविले. सॅम्प्रास तेव्हा २९ वर्षांचा होता. पिढीबदलाचे प्रतीक म्हणून हा सामना सर्वत्र सांगितला जातो. प्रत्यक्षात त्याच सुमारास घडलेले तीन बदल अधिक दूरगामी ठरले.

पहिला बदल मैदानाचा होता. विम्बल्डनने २००१ पासून संपूर्णपणे राय जातीचे गवत वापरण्यास सुरुवात केली. हेतू मैदान टिकाऊ करण्याचा होता. परंतु चेंडू अधिक उंच उसळू लागला. २००१ मध्ये फेडरर आणि सॅम्प्रास दोघेही सर्व्हिसमागे नेटकडे धावत होते; २००२ च्या अंतिम सामन्यात लेटन ह्युइट आणि डेव्हिड नालबांडियन हे दोघेही मागच्या रेषेवरून खेळले. दुसरा बदल तारांचा होता. १९९७ मध्ये गुस्ताव्हो क्युर्टनने पॉलिएस्टरच्या तारा वापरून फ्रेंच ओपन जिंकली, त्यानंतर त्यांचा प्रसार झपाट्याने झाला. या तारांमुळे जोरात मारलेला चेंडूही फिरकीच्या बळावर रेषेच्या आत पडू लागला. या दोन बदलांमुळे मातीवरचा आणि गवतावरचा खेळ एकमेकांच्या जवळ आला. पूर्वी मातीवर एक विजेता आणि गवतावर दुसरा, अशी सत्तेची वाटणी होत असे. आता एकच परिपूर्ण खेळाडू वर्षभर सर्वत्र जिंकू शकत होता.

तिसरा बदल नियमाचा होता. २००१ च्या विम्बल्डनपासून मानांकित खेळाडूंची संख्या १६ वरून ३२ करण्यात आली. त्यामुळे अव्वल खेळाडूंची पहिल्या दोन फेऱ्यांत एकमेकांशी गाठ पडणे थांबले. या नियमाचा लाभ सॅम्प्रासलाही मिळाला. २००२ ची अमेरिकन ओपन त्याने ३१ व्या वर्षी जिंकली तेव्हा त्याचे मानांकन १७ वे होते. जुन्या पद्धतीत तो बिगरमानांकित ठरला असता. हेच त्याचे चौदावे ग्रँड स्लॅम आणि तीच त्याची शेवटची स्पर्धा होय.

४) दीर्घ वर्चस्व आणि त्याचा आर्थिक पाया (२००३–२०२३)

फेडररच्या २००३ च्या विम्बल्डन विजयापासून जोकोव्हिचच्या २०२३ च्या अमेरिकन ओपनपर्यंत ८१ ग्रँड स्लॅम स्पर्धा झाल्या. २०२० चे विम्बल्डन महामारीमुळे रद्द झाले. या ८१ पैकी ६६ स्पर्धा तिघांनी जिंकल्या : फेडरर २०, राफेल नदाल २२, जोकोव्हिच २४. उरलेल्या १५ स्पर्धा इतर सर्वांच्या वाट्याला आल्या आणि त्यातही अँडी मरे व स्टॅन वावरिंका यांनी प्रत्येकी तीन जिंकल्या. फेब्रुवारी २००४ पासून फेब्रुवारी २०२२ पर्यंत जागतिक क्रमवारीतील प्रथम स्थान या तिघांपैकी एकाकडे किंवा मरेकडेच राहिले.

या खेळाडूंची असामान्य गुणवत्ता निर्विवाद आहे. तथापि, ती इतकी वर्षे टिकवून धरण्यास पैशाचे बळ लागले. १९६८ मध्ये विम्बल्डनच्या पुरुष विजेत्याला २,००० पौंड मिळाले. २०२५ मध्ये ही रक्कम ३० लाख पौंड होती, तर पहिल्याच फेरीत हरणाऱ्यास ६६,००० पौंड मिळाले. चलनवाढ लक्षात घेऊनही हा फरक प्रचंड आहे. सातत्याने जिंकणाऱ्या खेळाडूला खासगी प्रशिक्षक, शरीरोपचारतज्ज्ञ व आहारतज्ज्ञ यांचा ताफा बाळगणे आणि मोजक्याच स्पर्धा निवडणे शक्य झाले. क्रमवारीत खाली असलेल्या तरुणाला मात्र प्रवास व प्रशिक्षकाचा खर्च भागविण्यासाठीच आठवड्यामागून आठवडे खेळत राहावे लागे. विश्रांती हीदेखील अशा प्रकारे एक मालमत्ता बनली.

फेडररने २०१४ मध्ये मोठ्या आकाराची रॅकेट स्वीकारली. २०१६ मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याने वर्षाचा उत्तरार्ध विश्रांती घेतली आणि २०१७ ची ऑस्ट्रेलियन ओपन ३५ व्या वर्षी जिंकली. मरेने जानेवारी २०१९ मध्ये कमरेच्या सांध्याची धातूचे आवरण बसविणारी शस्त्रक्रिया करून त्याच वर्षी अँटवर्प येथे विजेतेपद मिळविले. लाकडी रॅकेट घेऊन परतलेला बोर्ग आणि रॅकेट बदलून परतलेला फेडरर यांच्यातील फरक बदल स्वीकारण्याच्या वृत्तीत आहे, तसाच तो उपलब्ध साधनांतही आहे.

५) मधल्या पिढीचा प्रश्न

या वर्चस्वाची दुसरी बाजू १९९० च्या आसपास व त्यानंतर जन्मलेल्या खेळाडूंच्या वाट्याला आली. केई निशिकोरी २०१४ च्या अमेरिकन ओपनचा उपविजेता ठरला. मिलोश राओनिकने २०१६ च्या विम्बल्डनमध्ये उपांत्य फेरीत फेडररला हरविले, पण अंतिम सामन्यात त्याला मरेने पराभूत केले. ग्रिगोर दिमित्रोव्हने २०१७ ची वर्षअखेरची एटीपी फायनल्स जिंकली; ग्रँड स्लॅमच्या अंतिम सामन्यापर्यंत तो पोहोचू शकला नाही.

स्टेफानोस सित्सिपास २०२१ च्या फ्रेंच ओपनमध्ये पहिले दोन संच जिंकूनही जोकोव्हिचकडून हरला. डॅनिल मेदवेदेव २०२२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तशाच स्थितीतून ३५ वर्षांच्या नदालकडून हरला. अलेक्झांडर झ्वेरेव्हने २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनपर्यंत तीन अंतिम सामने गमावले. १९९० च्या दशकात जन्मलेल्या पुरुषांपैकी २०२५ अखेरपर्यंत केवळ दोघांनी ग्रँड स्लॅम एकेरी जिंकली : डॉमिनिक थीम (अमेरिकन ओपन, २०२०) आणि मेदवेदेव (अमेरिकन ओपन, २०२१).

थीमची कारकीर्द या संदर्भात विशेष विचार करण्याजोगी आहे. २०१८ व २०१९ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यांत तो नदालकडून आणि २०२० च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात जोकोव्हिचकडून हरला. त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये फेडरर व नदाल नव्हते आणि जोकोव्हिच चौथ्या फेरीत अपात्र ठरला. थीमने झ्वेरेव्हविरुद्ध दोन संचांची पिछाडी भरून काढून पाचव्या संचाच्या टायब्रेकमध्ये विजय मिळविला. जून २०२१ मध्ये त्याच्या मनगटाला दुखापत झाली आणि २०२४ मध्ये ३१ व्या वर्षी तो निवृत्त झाला. त्याच वयात सॅम्प्रास अखेरचे ग्रँड स्लॅम जिंकत होता, तर जोकोव्हिचच्या २४ पैकी दहाहून अधिक विजेतेपदे त्या वयानंतरची आहेत.

ही कोंडी संघटनेच्याही लक्षात आली होती. २०१७ पासून व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने मिलान येथे २१ वर्षांपर्यंतच्या खेळाडूंसाठी स्वतंत्र वर्षअखेरची स्पर्धा सुरू केली. २०१९ मध्ये यानिक सिनर आणि २०२१ मध्ये कार्लोस अल्कराझ हे तिचे विजेते होते. मोठ्या स्पर्धांत वारसदार दिसत नसल्याने त्यांच्यासाठी निराळे व्यासपीठ उभारावे लागले, हे त्या काळाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

६) एक पिढी ओलांडून झालेला बदल (२०२२–२०२५)

सप्टेंबर २०२२ मध्ये दोन घटना एकाच महिन्यात घडल्या. १९ वर्षांचा अल्कराझ अमेरिकन ओपन जिंकून क्रमवारीच्या इतिहासातील सर्वांत तरुण अव्वल पुरुष खेळाडू ठरला आणि ४१ वर्षांच्या फेडररने लंडन येथे नदालच्या साथीने दुहेरीचा अखेरचा सामना खेळून निवृत्ती घेतली. २०२३ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात २० वर्षांच्या अल्कराझने ३६ वर्षांच्या जोकोव्हिचला १-६, ७-६, ६-१, ३-६, ६-४ असे हरविले. परंतु त्या वर्षीच्या उरलेल्या तिन्ही ग्रँड स्लॅम स्पर्धा जोकोव्हिचनेच जिंकल्या आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात ३७ व्या वर्षी त्याने अल्कराझवर मात केली. १९७३-७४ मध्ये अमृतराजच्या सामन्यांतून दिसलेला पुढेमागे होणारा क्रम येथे पुन्हा आढळतो.

२०२४ व २०२५ या दोन वर्षांतील आठही ग्रँड स्लॅम स्पर्धा सिनर व अल्कराझ यांनी प्रत्येकी चार अशा वाटून घेतल्या. २०२५ मध्ये वयाची ३८ वर्षे पूर्ण करणारा जोकोव्हिच चारही स्पर्धांच्या उपांत्य फेरीत पोहोचला, पण एकाही अंतिम सामन्यात खेळू शकला नाही. १९८० च्या दशकात जन्मलेल्यांकडून सत्ता २००० नंतर जन्मलेल्यांकडे गेली. मधले दशक जवळजवळ वगळले गेले.

७) दुहेरी, भारत आणि पुणे

दुहेरीत कोर्टाचा भार विभागला जात असल्याने तेथे वयाचे गणित निराळे असते. भारतीय खेळाडूंनी हे सिद्ध केले. लिएंडर पेसने २०१३ ची अमेरिकन ओपन रादेक स्टेपानेकसह ४० व्या वर्षी जिंकली. रोहन बोपण्णाने जानेवारी २०२४ मध्ये मॅथ्यू एब्डेनसह ऑस्ट्रेलियन ओपन ४३ व्या वर्षी जिंकली आणि प्रथमच दुहेरीचे अव्वल स्थान मिळविले. महाराष्ट्राचाही या इतिहासाशी संबंध आहे. चेन्नईतील एटीपी स्पर्धा २०१८ मध्ये पुण्यातील बालेवाडी येथे आली. जानेवारी २०१९ मध्ये तेथील अंतिम सामन्यात ३९ वर्षांच्या इव्हो कार्लोविचने केविन अँडरसनला तिन्ही संचांत टायब्रेकपर्यंत नेले आणि शेवटच्या टायब्रेकमध्ये तो हरला. १९७७ मध्ये हाँगकाँग येथे ४३ व्या वर्षी जिंकलेल्या रोझवॉलनंतर एटीपी अंतिम सामना खेळणारा तो सर्वांत वयस्कर खेळाडू होता. खुल्या टेनिसच्या पहिल्या टप्प्याशी जोडणारा हा दुवा बालेवाडीच्या कोर्टवर जुळला, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे.

निष्कर्ष :

१. पुरुष व्यावसायिक टेनिसमधील पिढीबदल एकसारख्या गतीने झालेला नाही. १९६८ नंतर ज्येष्ठांचे पुनरागमन, १९७४ नंतर किशोरांचा उदय, २००३ नंतर दीर्घ वर्चस्व आणि २०२२ नंतर एक दशक ओलांडून झालेले सत्तांतर असे त्याचे चार टप्पे दिसतात.

२. प्रत्येक टप्प्यामागे शरीराखेरीज अन्य कारणे होती. व्यावसायिकांवरील बंदी उठणे, क्रमवारी, रॅकेट व तारा, गवतातील बदल, मानांकनाचा विस्तार आणि बक्षिसाच्या रकमेतील वाढ यांनी विजेत्याचे वय कधी खाली आणले, तर कधी वर नेले.

३. मानांकन आणि बक्षिसाची सध्याची रचना प्रस्थापित खेळाडूस अनुकूल आहे. सिनर व अल्कराझ हे आज तरुण म्हणून ओळखले जात असले, तरी या रचनेचे लाभ आता त्यांना मिळत आहेत. त्यांच्यानंतर येणाऱ्यांना तीच कोंडी अनुभवावी लागण्याची शक्यता नाकारता येत नाही.

४. विजेत्यांच्या नावाने कालखंड पाडण्याची क्रीडा-इतिहासलेखनाची पद्धत अपुरी आहे. या पद्धतीत रोझवॉलची अकरा वर्षे दिसत नाहीत आणि थीम, राओनिक, झ्वेरेव्ह यांची पिढी केवळ पराभूतांच्या यादीत उरते. ज्यांना हरवून तीन खेळाडूंनी ६६ विजेतेपदे मिळविली, त्यांच्या खेळाचा दर्जा समजून घेतल्याशिवाय त्या ६६ विजेतेपदांचे मोलही ठरविता येणार नाही. म्हणून उपविजेत्यांचा इतिहास हा टेनिसच्या इतिहासाचा आवश्यक भाग मानला पाहिजे आणि त्या दिशेने अधिक संशोधन होणे गरजेचे आहे.